पिस्तुलाचा पल्ला आणि हाताची शिस्त

शिस्त हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात वारंवार येतो. शाळेची शिस्त, घरची शिस्त, लष्करी शिस्त असे आपण म्हणतो, आणि तो उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे छडी घेतलेला मास्तर उभा राहतो. मी स्वतः सारे आयुष्य मास्तरकीत घालविले असल्यामुळे ह्या चित्राविषयी मला तक्रार करता येत नाही. परंतु ह्या शब्दाचे मूळ शाळेत नाही, ते रणांगणात आहे. फारसी भाषेत 'शस्त' म्हणजे अंगठा. धनुष्याची दोरी ओढताना तीरंदाज अंगठ्यात घालीत असे ती अंगठी. आणि त्यावरून नेम. मराठीत हा शब्द रुळला तोही ह्याच अर्थाने. शिस्त धरणे किंवा शिस्त बांधणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. नियमितपणा, टापटीप, आज्ञापालन हे अर्थ ह्या मूळच्या अर्थावर पुढे वाढलेले आहेत.

पिस्तुलासारख्या आखूड हत्याराने दूरचे लक्ष्य अचूक वेधण्याची विद्या कशी वाढली, तीत हत्याराचा वाटा किती आणि हाताचा किती, आणि त्या विद्येत आपल्या महाराष्ट्राने काय मिळविले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय शस्त्राचा असला तरी त्याचा शेवट खेळाच्या मैदानावर होतो, हे आरंभीच सांगून ठेवितो.

मी राहतो ते उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. ह्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन हे क्षेत्र आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम ह्यांच्यात मोठी लढाई झाली. माधवराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. गोदावरीस पूर आलेला, निजामअल्ली आपल्या काही फौजेसह पैलतीरी उतरलेला, आणि उरलेली फौज अलीकडे अडकलेली, अशी संधी साधून मराठ्यांनी दक्षिणतीरावरील सैन्यावर घाला घातला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या दिवशी रणात पडला. आमच्या भागात शाळेच्या सहली राक्षसभुवनास जातात तेव्हा मुले हटकून विचारतात, की त्या काळच्या बंदुकीची गोळी किती दूर जाई. प्रश्न चांगला आहे. परंतु त्यात एक दुरुस्ती करावी लागते. गोळी किती दूर जाई हा प्रश्न निराळा, आणि ती किती दूरपर्यंत नेमकी जाई हा प्रश्न निराळा. नळीतून सुटलेली गोळी पुष्कळ लांब जाऊन कोठे तरी पडतेच. ती जेथे पाडावयाची तेथेच पडेल असे ज्या अंतरापर्यंत खात्रीने म्हणता येते, तोच तिचा खरा पल्ला.

त्या काळी आपल्याकडे मुख्य चाल होती ती तोड्याच्या बंदुकीची. बंदुकीच्या नळीत तोंडाकडून दारू आणि गोळी ठासावयाची, बाजूच्या छिद्रापाशी रंजक घालावयाची, आणि चाप ओढला म्हणजे पेटता तोडा त्या रंजकेवर टेकून आतली दारू पेट घेई. ही बंदूक सावकाशीची खरी, पावसात निकामी होणारीही खरी. तथापि तिची नळी लांब असे आणि तोडा अलगद खाली येत असल्याने हातास हिसका बसत नसे. ह्यामुळे बसून, टेकू देऊन, शांतपणे नेम धरणारा कसलेला बरकंदाज तिच्याकडून बरेच काम करून घेई. ही विद्या दक्षिणेत जुनी होती. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतल्यानंतर त्यांचा अधिकारी अल्बुकर्क ह्याने तेथील कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी केली होती. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्यास तोफा आणि बंदुका तयार होऊ लागल्या. म्हणजे कारागिरीत आपण मागे होतो असे नव्हे.

पिस्तुलाची गोष्ट मात्र ह्याहून निराळी. घोडेस्वाराने एका हातात लगाम धरून दुसऱ्या हाताने वापरावयाचे ते हत्यार, म्हणून ते आखूड करावे लागले. त्यास पेटता तोडा सोयीचा नव्हता. चकमकीने ठिणगी पाडणारा चाप आला तेव्हाच पिस्तुलास खरे स्थान मिळाले. परंतु दहापंधरा पावलांपलीकडे त्याचा भरवसा कोणी धरीत नसे. शत्रू अगदी अंगावर आला म्हणजे ते झाडावयाचे, आणि मग तलवारीस हात घालावयाचा, अशी रीत होती. लांबचा नेम हा बंदुकीचा धर्म आणि जवळचा बचाव हा पिस्तुलाचा, अशी विभागणी जगभर झाली होती. मराठी माणसास पिस्तूल म्हटले म्हणजे १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात झाडल्या गेलेल्या गोळ्यांची आठवण होते. तो राजकीय इतिहासाचा निराळा अध्याय आहे. आपल्या विषयापुरते ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच, की तेथेही अंतर अगदी थोडे होते.

जुन्या पिस्तुलाचा नेम चुके तो तीन कारणांनी. पहिले कारण असे, की चाप ओढणे आणि गोळी सुटणे ह्यांत अवकाश जाई. गार पोलादावर घासावयाची, ठिणगी पडावयाची, रंजक भडकावयाची, आणि मग आतली दारू पेटावयाची. एवढ्या वेळात हात हले आणि डोळ्यांपुढे भडका उडाल्याने माणूस दचके. हा दोष काढला तो एका स्कॉच धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्साइथ हे त्याचे नाव. त्यास पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि रंजकेचा भडका दिसताच पाखरे गोळी पोहोचण्यापूर्वी उडून जातात हे पाहून त्याने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे हक्क घेतले. तिच्यातूनच पुढे केपाची बंदूक निघाली, आणि चाप ओढताच गोळी सुटू लागली.

दुसरे कारण नळीचे. नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तीत सैल बसे. त्यामुळे ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे व शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल तिकडे वळे. नळीच्या आत पिळाप्रमाणे फिरणाऱ्या खाचा पाडल्या म्हणजे गोळीस भोवऱ्यासारखी गरगर फिरण्याची गती मिळते, आणि फिरता भोवरा जसा सहजी कलत नाही तशी ती गोळीही आपला मार्ग सहजी सोडीत नाही. ही युक्ती जर्मन कारागिरांस पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. परंतु तिची शास्त्रीय चिकित्सा केली ती बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या लेखांत. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ साली मद्रास किनाऱ्यावरील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात वारला. राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी बारा वर्षे ह्या विद्येचा आचार्य आपल्याच देशाच्या मातीत विसावला होता, हा योगायोग मला नेहमी विचार करावयास लावतो.

तिसरे कारण दारूच्या मापाचे. हाताने दारू ओतावयाची म्हटली म्हणजे दर खेपेस ती कमीजास्त व्हावयाचीच, आणि दारू कमीजास्त झाली की गोळी खालीवर जावयाचीच. धातूच्या काडतुसाने हा दोष गेला. १८५७ साली स्मिथ आणि वेसन ह्या अमेरिकन कारखानदारांनी बिंदू बावीस इंची लहान काडतुसाचे रिव्हॉल्वर बाजारात आणले, आणि १८८७ साली त्याच जातीचे 'लाँग रायफल' नावाचे काडतूस निघाले. आज जगातील लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत तेच ५.६ मिलिमीटर जाडीचे काडतूस चालते. त्याच्या गोळीचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी ठेवलेला असतो. कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती बारा-चौदा सेंटिमीटर खाली उतरते, परंतु दर खेपेस तेवढीच उतरते. आणि जी चूक दर खेपेस सारखीच होते तिचा बंदोबस्त करता येतो.

तात्पर्य, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिस्तुलाकडे लांबचा नेम मागता येईल अशी त्याची योग्यता झाली. दुर्दैवाने ह्याच वेळी आपल्या देशातील सामान्य माणसाचा ह्या विद्येशी संबंध तुटला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. शस्त्र उरले ते सरकारी नोकर, संस्थानिक आणि शिकारी ह्यांच्यापाशी. युरोपात जेव्हा गावोगाव लक्ष्यवेधाच्या मंडळ्या निघत होत्या, तेव्हा येथे ही विद्या वाड्यांच्या आणि छावण्यांच्या भिंतींआड गेली. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला; त्यातही परवाना आहेच आणि तो असावयासच पाहिजे; परंतु खेळ म्हणून नेमबाजी करणाऱ्यास त्यात वाट मोकळी आहे.

आता खेळाकडे वळू. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, त्यांत पिस्तुलाची नेमबाजी होती. १९०० साली पॅरिस येथे पन्नास मीटरांवरून पिस्तुलाचा सामना झाला. ह्यात वापरावयाच्या पिस्तुलास मुक्त पिस्तूल म्हणतात, कारण त्याची लांबी, वजन, चापाचा जोर ह्यांवर फारसे निर्बंध नसतात. मात्र दोन बंधने कडक आहेत. एक, नेम साध्या उघड्या माशीने आणि खाचेनेच धरावयाचा, दुर्बीण लावावयाची नाही. दुसरे, पिस्तूल एकाच हातात, तोही कोठे न टेकता, धरावयाचे. मनगट मोकळे असलेच पाहिजे. पन्नास मीटरांवरील लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे वर्तुळ असते त्याचा व्यास पाच सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या लहानशा लिंबाएवढा. एकंदर साठ गोळ्या, सहाशे गुण.

हे किती कठीण आहे ते समजण्यास शाळेतील भूमिती पुरते. समरूप त्रिकोणांचा सिद्धांत ज्यास आठवतो त्याने असे पाहावे. पिस्तुलाच्या मागील खाचेपासून पुढील माशीपर्यंत अंतर समजा बावीस सेंटिमीटर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर पन्नास मीटरांवर गोळी सुमारे तेवीस सेंटिमीटर बाजूस जाईल. एक मिलिमीटराच्या चुकीचे तेवीस सेंटिमीटर होतात! दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंत अंतर अडीच सेंटिमीटर. तेव्हा माशीची चूक एक मिलिमीटराच्या नवव्या हिश्शाच्या आत ठेविली तरच दहा गुण. रायफलीत हे अंतर तिप्पट किंवा त्याहून अधिक मिळते, म्हणून तेवढीच चूक तेथे तिसऱ्या हिश्शाने भोवते. पिस्तुलाचा आखूडपणा हाच त्याचा शत्रू म्हणतात तो ह्यासाठी.

परंतु ह्याच भूमितीत एक दिलासाही दडलेला आहे, आणि साऱ्या तंत्राचे रहस्य त्यात आहे. समजा माशी आणि खाच एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत, आणि हात मात्र सबंधच एक सेंटिमीटर बाजूस झुलला आहे. तर गोळीही एक सेंटिमीटरच बाजूस जाईल, अधिक नाही. म्हणजे हाताचे झुलणे क्षम्य आहे, माशीचे तिरपे होणे अक्षम्य आहे. नवशिका नेमका ह्याच्या उलट वागतो. हात हलतो म्हणून तो घाबरतो, डोळे लक्ष्यावर रोखतो, आणि लक्ष्य बरोबर माशीवर आले असे वाटताच चाप हिसकतो. त्या हिसक्याने माशी तिरपी होते आणि गोळी जाते भलतीकडे. जाणता नेमबाज डोळा ठेवितो माशीवर. माशीची कड त्यास रेखीव दिसते, आणि दूरचे लक्ष्य धूसर काळ्या ठिपक्यासारखे दिसते. हात थोडा झुलतो, तो झुलू देतो. आणि चाप इतक्या सावकाश, सरळ मागे दाबीत जातो की गोळी केव्हा सुटली हे त्याचे त्यालाच क्षणभर कळू नये.

बाकीची कृती ह्या एका तत्त्वाच्या सेवेसाठी आहे. प्रथम पाय असे ठेवावयाचे की डोळे मिटून हात उचलला आणि पुन्हा उघडले तर पिस्तूल आपोआप लक्ष्याकडेच असावे. ते नसेल तर हात वळवावयाचा नाही, पायांची जागा बदलावयाची. मग श्वास घेत हात लक्ष्याच्या वर न्यावयाचा, श्वास सोडीत खाली आणावयाचा, आणि थोडा श्वास आत राखून सहा-आठ सेकंद स्थिर राहावयाचे. तेवढ्यात चाप पुरा झाला तर ठीक. न झाल्यास हात खाली घेऊन विसावा घ्यावयाचा आणि पुन्हा आरंभ करावयाचा. हात खाली घेण्यास जो लाजतो त्याचे गुण जातात. गोळी सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवावयाचा. आणि ह्या साऱ्याचा सराव बहुतांशी गोळीवाचून, रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या भिंतीसमोर करावयाचा. कोऱ्या भिंतीवर पाहण्यासारखे काही नसल्याने डोळा आपोआप माशीवर राहतो.

उपकरणांची निवडही ह्याच तत्त्वाने ठरते. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आणि ती नेमबाजाच्या तळहाताप्रमाणे कोरून घासून बसविलेली असते. हेतू असा, की दर खेपेस पिस्तूल हातात तसेच, त्याच कोनात बसावे. मुक्त पिस्तुलाची नळी लांब असते ती गोळीचा जोर वाढावा म्हणून नव्हे, तर माशी आणि खाच ह्यांतील अंतर वाढून चूक कमी दिसावी म्हणून. चाप इतका हलका की बोटाचा स्पर्श पुरे. काही पिस्तुलांत तो विजेवर चालतो. वजन पुढे की मागे, माशीची रुंदी किती, खाच केवढी, हे सारे आपल्या हातास आणि डोळ्यास पाहून ठरवावयाचे. म्हणजे उपकरण निवडावयाचे ते ह्यासाठी, की हाताने केलेले चांगले काम त्याने बिघडवू नये. वाईट काम चांगले करून देणारे उपकरण अजून निघालेले नाही.

माझे हे म्हणणे केवळ मास्तराचा उपदेश आहे असे कोणास वाटेल, म्हणून आकड्यांची साक्ष काढतो. १९३६ साली बर्लिन येथे स्वीडनचा टॉर्स्टन उल्मान ह्याने पन्नास मीटरांच्या सामन्यात सहाशेपैकी ५५९ गुण मिळविले. १९८० साली मॉस्को येथे सोव्हिएट संघाचा अलेक्सांद्र मेलेंत्येव्ह ह्याने ५८१ गुण केले, आणि तो विक्रम चौतीस वर्षे अबाधित राहिला. २०१४ साली स्पेनमधील ग्रानाडा येथे दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ ह्याने ५८३ गुण करून तो मोडला. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांत वाढ झाली ती चोवीस गुणांची. आणि त्यांतील शेवटच्या चौतीस वर्षांत अवघ्या दोन गुणांची. ह्याच चौतीस वर्षांत विजेचे चाप आले, नवे धातू आले, संगणक आले. हत्याराने जे देता येण्याजोगे होते ते पुष्कळसे केव्हाच देऊन टाकले होते. उरले होते ते माणसाने मिळवावयाचे होते.

दुसरी साक्ष हंगेरीच्या कारॉय टाकाच ह्याची. तो सैन्यातील सार्जंट, उजव्या हाताचा नामांकित पिस्तूलबाज. १९३८ साली कवायतीत हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणास न सांगता डाव्या हाताने आरंभापासून सराव केला, आणि १९४८ साली लंडन येथे व १९५२ साली हेलसिंकी येथे पंचवीस मीटरांच्या जलद नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. ज्या हातात विद्या आहे असे आपण समजतो तो हात गेला तरी विद्या राहिली. ती हातात नव्हतीच.

आपल्या देशात ह्या खेळास संघटित रूप आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि तिच्या स्थापनेत पुढाकार होता तो गणेश वासुदेव मावळंकर ह्यांचा. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून दादासाहेब मावळंकर सर्वांस परिचित आहेत. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील हे मराठी घराणे बडोदे-अहमदाबादेकडे स्थायिक झालेले. लोकसभेत शब्दांचा अतिरेक आवरणाऱ्या ह्या गृहस्थाने देशातील तरुणांस नेम धरावयास शिकविण्याची संस्था उभारावी, ह्यात शिस्त शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही दरवर्षी होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याची वाट अनेक तरुणांस तिच्यातूनच मिळते.

महाराष्ट्रात मुंबईस वरळी येथे आणि पुण्यास बालेवाडी येथे नेमबाजीची मैदाने झाली, आणि हळूहळू मराठी नावे जगाच्या यादीत दिसू लागली. अंजली भागवत ह्यांनी २००० साली सिडनी येथे, आणि सुमा शिरूर ह्यांनी २००४ साली अथेन्स येथे, रायफलीच्या अंतिम फेरीत धडक मारली. नाशिकचे भीष्मराज बाम हे निवृत्त पोलीस अधिकारी. ते स्वतः पिस्तूल चालवीत. योगशास्त्रातील एकाग्रतेची साधना खेळाडूंस समजेल अशा भाषेत सांगण्याचे मोठे कार्य त्यांनी २०१७ साली निधन होईपर्यंत केले. आणि कुस्तीचे शहर म्हणून गाजलेले कोल्हापूर पाहता पाहता नेमबाजीचे शहर झाले. तेथील तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे रायफलीत जगज्जेती ठरली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक आणले.

परंतु आपला विषय पिस्तूल आहे, आणि पिस्तुलात मराठी नाव अग्रक्रमाने घ्यावयाचे ते कोल्हापूरच्या राही सरनोबतचे. स्त्रियांचा ऑलिंपिकमधील लांब पल्ल्याचा पिस्तूल सामना पंचवीस मीटरांचा असतो. तो १९८४ साली सुरू झाला. येथे नियम कडक आहेत. चापाचा जोर निदान एक किलोग्रॅम पाहिजे, आणि माशी व खाच ह्यांतील अंतर बावीस सेंटिमीटरांहून अधिक चालत नाही. साठ गोळ्यांपैकी तीस सावकाश झाडावयाच्या. उरलेल्या तीस अशा, की सात सेकंद हात खाली, मग तीन सेकंद हिरवा दिवा, तेवढ्यात हात उचलून एक गोळी. ज्यास सावकाशीची शिस्त अंगवळणी पडलेली नाही त्याची तीन सेकंदांत त्रेधा उडते. एक किलोचा चाप तीन सेकंदांत दाबावयाचा आणि माशी मात्र सावकाशीइतकीच सरळ ठेवावयाची.

२०१० साली दिल्ली येथील राष्ट्रकुल सामन्यांत राहीने अनिसा सय्यद हिच्या जोडीने सुवर्णपदक मिळविले. २०१३ साली कोरियातील चांगवान येथे तिने विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण जिंकले. पिस्तुलात असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. २०१४ साली ग्लासगो येथे पुन्हा राष्ट्रकुल सुवर्ण. ह्यानंतर कोपराच्या दुखापतीने तिला गाठले. पिस्तूलबाजास कोपर म्हणजे गवयास गळा. काही काळ तिला स्पर्धांपासून दूर राहावे लागले, आणि ती संपली असेही लोक म्हणू लागले. परत आली ती मंगोलियात जन्मलेल्या व पुढे जर्मनीकडून खेळलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन ह्या गुरूच्या हाताखाली नव्याने तंत्र घडवून. मुंखबायर ह्यांनी स्वतः १९९२ आणि २००८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये, दोन निरनिराळ्या देशांसाठी, ह्याच सामन्यात कांस्यपदक मिळविलेले आहे.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेंबांग येथे आशियाई सामन्यांची अंतिम फेरी झाली. पन्नास गोळ्यांअंती राही आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून ह्या दोघी चौतीस-चौतीस वेधांवर बरोबरीत राहिल्या. निकालासाठी पाच पाच गोळ्या झाडल्या. दोघींचे चार चार वेध. पुन्हा पाच पाच गोळ्या; राहीचे तीन, प्रतिस्पर्धिनीचे दोन. एका गोळीने सुवर्णपदक ठरले. आशियाई सामन्यांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दहा जादा गोळ्यांत दोघींच्या पिस्तुलांत असा कोणता फरक असणार? नियमांनी दोघींस एकाच मापात बांधले होते. फरक होता तो बोट आणि मन ह्यांच्या दरम्यान.

पन्नास मीटरांच्या मुक्त पिस्तुलाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०१६ साली रिओ येथे तो सामना ऑलिंपिकमध्ये शेवटचा झाला; त्याचे सुवर्ण जिन जोंग-ओ ह्यानेच, लागोपाठ तिसऱ्यांदा, जिंकले. स्त्रीपुरुषांस समान संधी मिळावी म्हणून मिश्र जोड्यांचे नवे सामने घालावयाचे ठरले, आणि त्यासाठी जागा करताना २०१७ साली हा जुना सामना गळला. हेतू स्तुत्य होता. पण शंभराहून अधिक वर्षांची एक परीक्षा त्या दरबारातून गेली ह्याची खंतही खोटी नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो राहिला, आणि २०१८ साली तेथे आपल्या ओमप्रकाश मिठरवालने सुवर्ण मिळविले. परंतु जो सामना ऑलिंपिकमध्ये नाही त्यास पैसा आणि प्रोत्साहन मिळेनासे होते, आणि मग त्याची विद्याही क्षीण होते. तोड्याच्या बंदुकीचा कसबी बरकंदाज असाच काळाआड गेला.

ह्या कथेतून घ्यावयाचे ते काय? आमच्या खेड्यापाड्यांतील मुले वर्तमानपत्रात पदकांचे फोटो पाहतात आणि म्हणतात, लाखांचे परदेशी पिस्तूल असते तर आम्हीही जिंकलो असतो. साधनांची उणीव खोटी नाही. मैदाने, गोळ्या, शिक्षक ह्यांचा खर्च समाजाने आणि सरकारने उचललाच पाहिजे, कारण खाच वाकडी असेल तर सरळ डोळाही काय करील? परंतु पाखरांच्या शिकाऱ्यापासून पालेंबांगच्या मैदानापर्यंत एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते. हत्यार जसजसे निर्दोष होत गेले तसतसे चुकीचे खापर फोडावयास दुसरी जागा उरली नाही. गारेचे पिस्तूल चुकले तर गारेस बोल लावता येई. आजचे पिस्तूल चुकत नाही. चुकतो तो माणूस, आणि कोठे चुकला ते कागदावर भोकाच्या रूपाने लिहिले जाते.

आणि आम्हां शिक्षकांसाठीही ह्यात एक बोध आहे. शिस्त ह्या शब्दातून नेमाचा अर्थ गळला आणि धाकाचा तेवढा उरला, हे आमच्या शाळांचे मोठे नुकसान आहे. धाकाने हात स्थिर होत नाही, उलट अधिकच थरथरतो. हे कोणीही नेमबाज सांगेल. लक्ष्य दूर असता जवळच्या माशीवर डोळा ठेवावयाचा, आपला हात हलतो हे मान्य करावयाचे, घाई न करता दाब वाढवीत जावयाचे, आणि न साधल्यास हात खाली घेऊन पुन्हा उचलावयाचा, ही खरी शिस्त. ती मुलांस लावावयाची तर छडीचा उपयोग नाही. ती आपण स्वतः धरून दाखवावी लागते.